गावाकडून चेन्नईला: पहिल्यांदा निघणाऱ्या वऱ्हाडी पोरापोरींसाठी

आमच्या भागात पोरगं पुण्याला निघालं तर कोणी फार विचारत नाही. गावचे चार जण तिथे आधीच असतात, कोणाच्या तरी खोलीवर गादी टाकून पहिला महिना निघून जातो. चेन्नईचं नाव काढलं की मात्र आजी विचारते, "तिथं खायाले काय भेटते बापा?" अन बाप म्हणतो, "बोलशील कसा?"

आजीचा प्रश्न जास्त बरोबर आहे. भाषेपायी परत आलेला माणूस मी क्वचितच पाहिला. परत येतात ते खोलीच्या ॲडव्हान्समध्ये (म्हणजे डिपॉझिटमध्ये) पैसे अडकल्यामुळे, खाऱ्या पाण्यामुळे, घामामुळे अन रात्री काय खायचं हे न जमल्यामुळे. म्हणून इथे खोली अन पाण्याबद्दल जास्त सांगतो, भाषेबद्दल कामापुरतं. श्रीपेरुंबुदूर-ओरगडमच्या कारखान्यात चालले असा, ओएमआर (ओल्ड महाबलीपुरम रोड) या रस्त्यावरच्या आयटी कंपनीत किंवा अंबत्तूरच्या वर्कशॉपात, सुरुवातीच्या अडचणी सारख्याच असतात.

गाव सोडायच्या आधी

सगळ्यात पहिले नोकरीचा कागद तपासा. कॉलेजात किंवा आयटीआयमध्ये येऊन "रजिस्ट्रेशनचे पैसे भरा, चेन्नईत जॉब पक्का" म्हणणारे येतात. नोकरी देणारी कंपनी तुमच्याकडून पैसे घेत नसते, एवढं एक धरून ठेवा. पत्र कंपनीचं आहे की कंत्राटदाराचं, हे वाचा. कंत्राटदाराचं असलं तरी हरकत नाही, पण मग तीन गोष्टी लिहून मागा: पीएफ-ईएसआय (भविष्यनिधी अन दवाखान्याचा विमा) कापणार का, खोली अन जेवण पगारातून कापणार का, अन कंपनीची बस कुठून कुठून सुटते. ही तिसरी गोष्ट पुढे खोली शोधताना लागणार आहे.

मग फोनचा घोळ सोडवा. गावाकडे घरातल्या सगळ्यांच्या कागदांना बहुतेक एकच मोबाईल नंबर जोडलेला असतो, अन तो शिकलेल्या पोराचा असतो. बाबांचं बँक खातं, आईचं आधार, गॅसचं बुकिंग, शेतकरी योजनेची केवायसी, सगळं तुमच्या नंबरवर. तुम्ही चेन्नईला गेले की बाबा तालुक्याच्या बँकेत खिडकीपुढे उभे राहतात, ओटीपी तुमच्या फोनवर येतो, अन तुमचा फोन कंपनीच्या गेटवरच्या लॉकरमध्ये बंद. बऱ्याच कारखान्यांत आत फोन नेऊ देत नाहीत. म्हणून निघायच्या आधी बाबांना सोबत घेऊन आधार केंद्रावर जा, त्यांचा किंवा लहान भावाचा नंबर जोडा, नंतर बँकेतही बदला. एक दिवस मोडतो, पण मोडू द्या. सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल तर खरिपाची ई-पीक पाहणी कोण करणार तेही ठरवा. ती वावरात उभं राहूनच करावी लागते, चेन्नईतून होत नाही.

जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, अधिवास हे सगळे जाण्याआधीच काढून ठेवा. पुढे एखाद्या भरतीचा फॉर्म निघाला की तहसीलचे चकरे घरच्यांना मारावे लागतात, अन "सही करायले त्यालेच पाठवा" असं ऐकून परत यावं लागतं. मूळ प्रती घरी ठेवा. सोबत झेरॉक्सचे दोन संच अन फोनमध्ये डिजीलॉकर पुरे.

पैसे किती न्यायचे? पहिला पगार महिना भरल्यावर, कधी पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हातात येतो. तेव्हा खोलीचं ॲडव्हान्स वेगळं धरा अन वर दीड महिन्याचा खाण्या-जाण्याचा खर्च. एवढी सोय नसेल तर स्वतंत्र खोलीचा विचार पहिले तीन महिने करू नका.

गाडी घरीच ठेवा. एमएच-29 किंवा एमएच-34 ची मोटारसायकल ट्रेनने पाठवता येते, पण दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर वापरली की तिथली नोंदणी करावी लागते, त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी, तिथला कर, सगळं आलं. राहायचं पक्कं झालं की मग पाहू.

अन कूलर नेऊ नका. ही गोष्ट पुढे सविस्तर सांगतो.

गाडी अन उतरल्यावर

नागपूरहून चेन्नई रेल्वेने सुमारे अकराशे किलोमीटर. दिल्लीहून येणारी तामिळनाडू एक्सप्रेस दुपारी नागपूर सोडते अन दुसऱ्या दिवशी सकाळी चेन्नई सेंट्रलला पोहोचवते. पूर्वेकडच्या लोकांना बल्लारशाहहून बसता येतं. बल्लारशाह गेलं की महाराष्ट्र संपलाच समजा, पुढे तेलंगण, वारंगळ, विजयवाडा. दुसऱ्या गाडीचं तिकीट काढलं तर ती कुठे संपते ते बघा. चेन्नईत लांबच्या गाड्यांची स्टेशनं एकाहून जास्त आहेत, सेंट्रल वेगळं, एग्मोर वेगळं अन तांबरम तर शहराच्या दक्षिण टोकाला.

सेंट्रलला उतरल्यावर ऑटोवाल्यांच्या घोळक्यातून सरळ पुढे चला. अंबत्तूर, आवडी बाजूला जायचं असेल तर लोकल सेंट्रलला लागूनच असलेल्या मूर मार्केट इमारतीतून सुटतात. गिंडी, तांबरम, चेंगलपट्टू बाजूची लोकल रस्त्यापलीकडच्या पार्क स्टेशनहून. वेलाचेरीसाठी पार्क टाउन. मेट्रो स्टेशनच्या खालीच आहे, विमानतळापर्यंत जाते. ओएमआरवर मेट्रो अजून पोहोचलेली नाही, काम सुरू आहे, त्यामुळे तिकडे बसच.

खोली: इथे घाई करू नका

गावाकडून फोनवर खोली ठरवू नका, फोटो पाहून तर मुळीच नाही. पहिले दोन-तीन आठवडे मॅन्शन, पीजी किंवा हॉस्टेलमध्ये काढा. मॅन्शन म्हणजे तिथे एकट्या पुरुषांसाठी महिन्याने मिळणाऱ्या खोल्यांच्या जुन्या इमारती. ट्रिप्लिकेन भाग (तमिळमध्ये तिरुवल्लिकेणी) त्यासाठीच ओळखला जातो. खोली लहान, संडास सामाईक, पण खाली उतरलं की दहा मेस. मुलींसाठी खासगी लेडीज हॉस्टेलं भरपूर आहेत, अन तामिळनाडू सरकारची नोकरदार महिलांसाठी 'तोळी' नावाची वसतिगृहं आहेत. त्यांत जागा आहे का हे आधी विचारा, मग खासगीकडे वळा.

नंतर खोली शोधताना कंपनीच्या जवळ शोधण्यापेक्षा कंपनीच्या बसच्या मार्गावर शोधा. ओरगडमच्या गेटसमोर खोली घेतली की संध्याकाळी कारखाना, ट्रक अन एक टपरी एवढंच जग उरतं. बस जिथून सुटते त्या वस्तीत राहिलं की दवाखाना, बाजार, लोकल सगळं हाताशी असतं अन सकाळी बसमध्ये अर्धा तास झोपही होते.

आता ॲडव्हान्स. आपण ज्याला डिपॉझिट म्हणतो त्याला तिथे ॲडव्हान्स म्हणतात. चेन्नईची जुनी रीत दहा महिन्यांच्या भाड्याएवढं ॲडव्हान्स घ्यायची. राज्याच्या 2017 च्या भाडेकायद्यात तीन महिन्यांचा आकडा आहे, पण प्रत्यक्षात पाच-सहा महिन्यांचं मागणारे पुष्कळ भेटतात. कायदा दाखवून वाद घालण्यात अर्थ नाही, खोली दुसऱ्याला जाते. घासाघीस मात्र जरूर करा, ती चालते. अन पैसे देण्याआधी एवढं लिहून घ्या:

- ॲडव्हान्सची पूर्ण रक्कम, अन ती बँकेतूनच द्या, रोख देऊ नका
- सोडताना रंगकामाचे किती कापणार (एक महिन्याचं भाडं कापायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे)
- सोडण्याआधी किती महिन्यांची सूचना
- विजेचा दर

हा विजेचा दर नीट समजून घ्या. तामिळनाडूत घरगुती वीजबिल दोन महिन्यांनी येतं अन पहिले 100 युनिट सरकार माफ करतं. पण एकाच घरात तीन-चार भाडेकरू असले की घरमालक आत वेगळे मीटर लावतो अन युनिटमागे स्वतःचा दर घेतो. शंभर युनिटांची माफी मग तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. दर करारातच लिहिला तर दर महिन्याची कुरबुर वाचते.

खोली पाहायला गेल्यावर मालक तुम्हाला चार प्रश्न विचारेल: बॅचलर की फॅमिली, व्हेज की नॉनव्हेज, कुठे काम, मूळ गाव कुठलं. काही वस्त्यांत "ओन्ली व्हेजिटेरियन" अशी पाटीच असते. खोटं सांगून खोली घेऊ नका. आपलं मटणाचं भगोणं चुलीवर चढलं की वास दुसऱ्या मजल्यापर्यंत जातो अन पंधरा दिवसांत खोली सोडायची पाळी येते. ज्या वस्तीत मटणाचं दुकान आहे, तिथेच शोधा ना.

चपला दारातच काढा, पायरीवरच काढल्या तर आणखी बरं. उंबऱ्यासमोर सकाळी पिठाची रांगोळी घातलेली असते, कोलम म्हणतात, त्यावर पाय पडू देऊ नका. पैसे उजव्या हाताने द्या. एवढ्यावर अर्धं काम होतं, मालकीणबाई मग भाड्याचं बोलते.

गॅसचं कनेक्शन बदलायच्या भानगडीत लगेच पडू नका. 5 किलोचं लहान सिलिंडर ओळखपत्रावर मिळतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही. एकट्याला पुरतं.

पाणी

खोली पाहायला जाताना साबणाची वडी खिशात ठेवा. गंमत नाही सांगत. बाथरूमचा नळ सोडा, हात ओले करा, साबण चोळा. फेस होत नसेल अन हात चिकट-चरबट राहत असतील तर ते बोअरचं खारं पाणी आहे. नळाच्या तोंडाशी अन फरशीवर पांढरा थर दिसला तर तोच पुरावा. समुद्राजवळच्या अन ओएमआर बाजूच्या बऱ्याच घरांत असंच पाणी असतं. त्याने अंघोळ होते, पण डाळ शिजत नाही, केस राठ होतात अन चहा बिघडतो.

मग मालकाला विचारा: मेट्रो वॉटर येतं का? मेट्रो वॉटर म्हणजे तिथल्या पाणीपुरवठा मंडळाचं नळाचं पाणी, मेट्रो रेल्वेशी त्याचा संबंध नाही. येत असेल तर रोज की एक दिवसाआड? उन्हाळ्यात कमी पडलं तर टँकर कोण मागवतं अन पैसे कोण देतं? टँकरला तिथे लॉरी म्हणतात. शहराला पाणी देणारे पुळल, पूंडी, चोळवरम अन चेंबरंबाक्कम हे चारही तलाव 2019 च्या उन्हाळ्यात जवळपास कोरडे पडले होते, अन तेव्हा लोक घागरी घेऊन लॉरीमागे धावत होते. हंडा-घागरीची रांग आपल्याला नवी नाही, पण भाडं भरून रांगेत उभं राहणं जिवावर येतं.

प्यायला 20 लिटरचा कॅन घ्यावा लागतो, दुकानदार घरपोच देतो. रिकामा कॅन परत करायचा, पहिल्या कॅनचं डिपॉझिट द्यायचं. हा खर्च महिन्याच्या हिशोबात आधीच धरा.

ऊन, घाम अन उलटा पावसाळा

चंद्रपूर-अकोल्याच्या 45-46 डिग्रीत वाढलेल्या माणसाला चेन्नईचा 38 चा आकडा ऐकून हसू येतं. मे महिन्यात हसू राहत नाही. आपल्याकडचं ऊन कोरडं, सावलीत आलं की जीव थंड होतो, घाम येतो अन वाळतो. तिथे समुद्र जवळ, हवेत ओल, घाम वाळतच नाही. अंगावर शर्ट चिकटून राहतो, काखेत-जांघेत पुरळ उठतं, रात्री बारालाही उशी ओली.

अन म्हणूनच कूलर चालत नाही. कूलरच्या ताटीतलं पाणी हवेत उडतं तेव्हा हवा गार होते. हवा आधीच ओली असली की पाणी उडतच नाही, खोलीत नुसती दमट वाफ भरते. गावाहून एसटीच्या टपावर, मग ट्रेनच्या दाराशी असा ओढत आणलेला कूलर तिथे भंगारात जाताना पाहवत नाही. छताचा पंखा अन समोरासमोर दोन खिडक्या असलेली खोली पाहा. संध्याकाळी समुद्राकडून वारं सुटतं, पूर्वेकडची खिडकी त्यासाठी लाख मोलाची. वरच्या मजल्यावर गच्चीखालची खोली स्वस्त मिळते, पण रात्रभर स्लॅब तापलेला राहतो. पोट्टे पैशापायी तीच घेतात अन मे महिन्यात गच्चीवर झोपतात.

सुती कपडे, दिवसातून दोन अंघोळी, पातळ ताक. ताकाला मोर म्हणतात, उन्हाळ्यात गाड्यावरही मिळतं. घामाने मीठ जातं, त्यामुळे नुसतं पाणी पिऊन थकवा जात नाही.

पावसाचं गणित तर पुरतं वेगळं आहे. आपला मृगाचा पाऊस तिथे येत नाही म्हटलं तरी चालेल. जून-जुलैत गावाकडे पेरण्या सुरू असतात अन चेन्नई तापलेलीच असते, संध्याकाळी एखादी सर आली तर आली. खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, परतीच्या ईशान्य मान्सूनचा. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा किंवा चक्रीवादळ तयार झालं की दोन-तीन दिवसांत शहर पाण्यात जातं. डिसेंबर 2015 चा पूर सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी पुन्हा वस्त्याच्या वस्त्या पाण्यात होत्या.

म्हणून तळमजल्याची खोली घेताना मालकाला विचारूच नका, तो "नो प्रॉब्लेम" म्हणणार. गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा: 2015 ला इथे पाणी कुठपर्यंत आलं होतं? तो हाताने कंबर दाखवेल किंवा गुडघा. भिंतीवर जुनी ओलीची रेघ दिसते का पाहा. वेलाचेरी, मुडिचूर, पळ्ळिकरणै बाजूला तर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका, पळ्ळिकरणै मुळात पाणथळ जमीन आहे. ऑक्टोबर लागला की मूळ कागद घरी नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर, फोनची पॉवरबँक भरलेली, चार दिवसांचं पाणी अन कोरडा खाऊ. आपल्याकडे कापूस वेचायला सुरुवात होते, त्याच दिवसांत हे करायचं असतं.

पोटाचं

दुपारी चेन्नईत एकट्या माणसाचे हाल होत नाहीत. मेसमध्ये 'मील्स' मागा: भात, सांबार, रसम, एक-दोन भाज्या, ताक, पापड, अन भात पुन्हा पुन्हा. आधी सांबार-भात, मग रसम-भात, शेवटी ताक किंवा दही-भात, या क्रमाने वाढतात. केळीचं पान असेल तर जेवून झाल्यावर ते स्वतःकडे दुमडायचं.

गाडं अडतं ते रात्री. बऱ्याच हॉटेलांत मील्स फक्त दुपारीच असतं. रात्री 'टिफिन', म्हणजे इडली, डोसा, पोंगल (मूगडाळ-तांदळाची खिचडी), परोटा, चपाती. इथे दोन वेळ पोळी-भाकर खाल्लेल्या पोटाला चार इडल्या म्हणजे नाश्ता वाटतो, झोपायच्या वेळी पुन्हा भूक लागते. मैद्याचा परोटा रोज खाऊ नका, पोट बिघडतं. पहिल्या आठवड्यात भातही जड वाटू शकतो, कारण तिथे रोजच्या जेवणात बहुतेक उकडा तांदूळ असतो. स्वतः विकत घेताना 'पच्चरिसी' मागा, तो आपल्यासारखा साधा तांदूळ.

तंगीच्या दिवसांत लाज न बाळगता अम्मा उणवगममध्ये जा. 2013 साली महापालिकेने सुरू केलेली ही स्वस्त उपाहारगृहं, 1 रुपयाची इडली अन 5 रुपयांचा सांबारभात यांसाठी देशभर माहीत झाली. उभ्याने खायचं, ताट स्वच्छ असतं. हमाल, रिक्षावाले, विद्यार्थी, सगळेच खातात.

ज्वारीचं पीठ गावाहून दळून नेऊ नका. त्या हवेत लवकर कडू होतं, अळ्या पडतात, भाकर थापली की चिरते. ज्वारी तिथेच घ्या, 'वेळ्ळै सोळम' म्हणून मागा. नुसतं 'सोळम' म्हटलं तर कधी मका पुढे येतो. पीठ दळायची गिरणी वस्तीत असते, 'माव मिल' विचारा, पण तिथे आधी मिरची-हळद दळली नाही ना ते पाहून घ्या. लोखंडी तवा मात्र घरूनच न्या, तिथे डोशाचा तवा जाड अन सपाट. तुरीची डाळ म्हणजे 'तुवरम परुप्पु', वरणाची चिंता नाही. पोहे, गव्हाचं पीठ, बडीशेप असलं उत्तरेकडचं सामान सौकारपेट भागात मिन्ट स्ट्रीटला मारवाडी-गुजराती दुकानांत मिळतं.

आईला सांगून एवढंच न्या: भिवापुरी मिरचीचं तिखट, जवसाची चटणी, मुगवड्या, कुरडया. कुरडया डब्यात घट्ट बंद, नाहीतर आठ दिवसांत लोळ होतात.

बोलणं

विदर्भातल्या माणसाला हिंदी सहज येते, नागपुरात ऑटोवाल्याशी आपण नकळत हिंदीतच बोलतो. ती सवय चेन्नईत गाडीतून उतरतानाच आवरा. हिंदी लादण्याविरुद्ध तिथे 1937 पासून आंदोलनं झाली, 1965 मध्ये लोकांनी जीव दिले, अन 1968 पासून राज्यात सरकारी शाळांना दोनच भाषा, तमिळ अन इंग्रजी. समोरच्याला हिंदी येत नाही यात त्याचा उद्धटपणा नाही, तो ती शाळेत शिकलेलाच नाही. तिथे आपल्याला 'नॉर्थ'वाले समजतात हेही ऐकून ठेवा. जन्मभर आपण देशाच्या मध्यात, अन तिथे एका रात्रीत उत्तर भारतीय होतो.

सुरुवात तमिळच्या दोन शब्दांनी करा, मग इंग्रजी, अन समोरच्याने स्वतःहून हिंदी काढली तरच हिंदी. अण्णा अन अक्का हे दोन शब्द आपल्याकडचेच आहेत, ते प्रत्येक वाक्यात घाला. "एव्ळो?" म्हणजे किती. "वेणुम" हवं, "वेणाम" नको, "पोदुम" पुरे (हा शब्द जेवताना लागतोच). "तण्णी" पाणी. "एंगे?" कुठे. "तमिळ तेरियादु" मला तमिळ येत नाही. "मेदुवा सोल्लुंग" हळू सांगा. क्रियापदाला शेवटी 'ंग' लावलं की आदर आला: वा म्हणजे ये, वांग म्हणजे या. अनोळखी माणसाला नुसतं 'वा', 'पो' म्हणू नका, ते आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला अरे-तुरे केल्यासारखं लागतं. ळ आपल्याला जन्मजात येतो, त्यामुळे आपला उच्चार उत्तरेकडच्या पोरांपेक्षा लवकर बसतो.

शेजारीण भेटली की विचारते, "साप्टींगळा?" जेवण झालं का? आपल्याकडेही "जेवले का?" असंच विचारतात. "साप्टेन अक्का" म्हणा, झालं.

बसमध्ये

पाट्या तमिळमध्ये असतात, पण नंबर आपल्या इंग्रजी आकड्यांत. नंबर पाठ करा, गावाचं नाव नाही. डावीकडच्या सीट बायकांच्या, तिथे पुरुषांनी बसू नये. कंडक्टर बहुतेक आपल्या जागेवरच बसलेला असतो, पैसे माणसामाणसाच्या हातून पुढे जातात अन तिकीट अन सुट्टे तसेच परत येतात. कोणी नोट तुमच्या हातात दिली तर पुढे सरकवा, गोंधळू नका. आपल्या एसटीत 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. तिथे शहराच्या साध्या बसमध्ये 2021 पासून बायकांचा प्रवास फुकट आहे, समोरून गुलाबी रंगाची बस पाहून चढा. ऑटोत बसण्याआधी भाव ठरवा किंवा ॲपवरून बोलवा.

नाव सांगताना

आपल्याकडे नवा माणूस भेटला की दुसरा प्रश्न आडनावाचा. कशासाठी, ते सगळ्यांना माहीत आहे. चेन्नईत हा प्रश्न विचारू नका. तिथले समाजसुधारक पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीने 1929 च्या चेंगलपट्टू परिषदेत जातीदर्शक नावं टाकून द्यायचं आवाहन केलं, अन तिथे बहुतेक लोक आडनावच लावत नाहीत. वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर, मग स्वतःचं नाव, एवढंच. जात तिथून गेली असं समजू नका, ती इतर वाटांनी विचारली जाते, खोली देताना तर नक्की. पण नावात ती शोधली तर अपमान वाटतो.

याची कागदावर अडचण होते. एचआरवाला किंवा बँकेतला माणूस "इनिशियल?" विचारतो. वडिलांचं अक्षर सांगितलं की तो "आर. प्रकाश" असं लिहून टाकतो अन पुढे पीएफ अन आधारचं नाव जुळत नाही, पैसे काढताना अडतं. पहिल्याच दिवशी आधार कार्ड पुढे ठेवा अन म्हणा, "याच्यासारखंच, अक्षर न अक्षर."

सुट्ट्या अन घरी येणं

तामिळनाडूत दिवाळी म्हणजे नरक चतुर्दशीची पहाट: तेल लावून अंघोळ, नवे कपडे, फटाके, दुपारी संपली. ती बहुतेक वेळा आपल्या लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी येते. पाडवा अन भाऊबीजेला कंपनी सुरू असते. बहिणीकडे जायचं असेल तर रजा भाऊबीजेच्या तारखेवर मागा अन साहेबाला कारण सांगा, त्याला हा सण माहीत नसतो. पोळ्याला तर सुट्टी नाहीच.

जानेवारीत मात्र संक्रांतीच्या वेळी चार दिवसांचा पोंगल सण असतो, सुट्टीही चांगली मिळते. भोगी, पोंगल, माट्टु पोंगल, काणुम पोंगल. भोगीच्या पहाटे लोक जुनं सामान जाळतात, धूर फार, दमा असेल तर खिडक्या लावा. तिसरा दिवस माट्टु पोंगल गुराढोरांचा: शिंगं रंगवतात, गळ्यात माळा घालतात, गोड भात खाऊ घालतात. कांचीपुरम-चेंगलपट्टूकडच्या गावातला कोणी सहकारी "घरी चल" म्हणाला तर नक्की जा. बैलाच्या शिंगाला रंग कसा लावायचा हे तुम्हाला येतं, तिथे भाषेची अडचण येत नाही.

पोंगल अन दिवाळीला अर्धं शहर गावाला निघतं, पण ते दक्षिणेकडे. नागपूरकडच्या गाड्या भरतात त्या बिहार-उत्तर प्रदेशकडे अन दिल्लीकडे जाणाऱ्यांनी, तेव्हा आपल्यालाही जागा मिळत नाही. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. भाऊबीजेची तारीख कॅलेंडरवर पाहा, निघायचा दिवस ठरवा, त्या दिवसापासून साठ दिवस मागे मोजा, त्या सकाळी आठला फोन हातात घेऊन बसा. अन ऑगस्ट-सप्टेंबरात निघणार असाल तर आदल्या रात्री गाडीची स्थिती पाहूनच स्टेशनवर जा. सप्टेंबर 2024 मध्ये तेलंगणात पावसाने रूळ वाहून गेले होते, अन वारंगळ-विजयवाडा वाटेवरच्या गाड्या रद्द झाल्या होत्या. तो मार्ग बंद पडला की लांबचा वळसा घ्यावा लागतो, दोन दिवस जास्तीचे धरून रजा टाका.